पित्रांच्या दिवसाची सभा

टिंग-टिंग-टिरिरिंग करत मागच्या गॅलरीतल्या वॉशिंग मशीननं धुणं संपल्याचं गाणं लावलं आणि हॉलमध्ये साचलेली शांतता मोडली. गाणं चांगलं पंधरा सेकंदांचं. मधेच थांबवता येत नाही. एरवी सहा वर्षांची गोदा त्यावर गिरक्या घ्यायची. आज मोठ्या माणसांनी ते मान खाली घालून, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

एवढी शांतता झाली होती ती झुंबरकाकांच्या एका वाक्यानं. "त्यात काय एवढं मॅडम? निकिता करंल की सही. दरसाली करती."

बागूल मॅडमचं पेन तेव्हापासून कागदावर टेकलेलं होतं ते तसंच होतं. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "दर वर्षी कुणाची सही करतात या?"

"आमच्या बहिणीची." आपण बोलून बसलो हे झुंबरकाकांच्या ध्यानात आलं होतं, पण सुरू झालेलं बोलणं मधेच थांबवणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. "उज्वलाअक्का. सटाण्याला दिलीय. कंपनीत हिस्सा हाय तिचा, पण येणंजाणं नाय. मग घरचंच कुणीतरी..."

"झुंबर," अप्पा म्हणाले. एवढंच म्हणाले.

निकिताच्या हातात पाण्याचा ट्रे होता. तो तिनं टेबलावर ठेवला, ओढणीला हात पुसले आणि म्हणाली, "मॅडम, आज मी करणार नाही सही. आत्या स्वतः येताहेत. सकाळी सहाच्या गाडीत बसल्यात सटाण्याहून."

अप्पांनी चष्मा काढला. सासरे चष्मा काढून बघायला लागले की समोरच्याला दरदरून घाम फुटतो, असा विंचूरच्या कारखान्यात लौकिक होता. "तिला कुणी सांगितलं?"

"मी नोटीस धाडली. सगळ्या भागधारकांना एकवीस दिवस आधी धाडावी लागते ती. रजिस्टर पोस्टानं धाडली."

"मला न विचारता."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, अप्पा."

दाराला टेकून उभ्या असलेल्या शेखरची पाठ सरळ झाली. नऊ वर्षांच्या संसारात आपल्या बायकोनं अप्पांना असं उत्तर दिलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. खरं तर निकितानंही ऐकलं नव्हतं.

*

धोंडाई पॅकेजिंग प्रायव्हेट लिमिटेड. अप्पांचे वडील कारभारी ढोमसे यांनी आपल्या आईच्या नावानं अठरा वर्षांपूर्वी काढलेली कंपनी. विंचूरच्या शेडमध्ये द्राक्षांची खोकी बनायची, पाच पदरी, खाकी, वर हिरवा घड छापलेली. सलग दोन हंगाम अवकाळीनं माल वेलीवरच सडवला. परदेशी जायला द्राक्षंच नव्हती, तर खोकी कुणाला हवी होती? त्यात तीन वर्षांपूर्वी घेतलेलं मोठं यंत्र, त्याचं कर्ज. दिवाळीनंतर बँकेची माणसं येऊन शेडच्या फाटकावर कागद डकवून गेली.

बागूल मॅडमना शेखरनं शोधून आणलं. दिवाळखोरीच्या कामात नेमणूक होते त्या व्यावसायिकांपैकी त्या एक. पहिल्याच भेटीत त्यांनी खोक्याच्या एका पुठ्ठ्यावर दोन रस्ते काढून दाखवले होते. "हा मोठा रस्ता. यानं गेलात की दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या किल्ल्या माझ्यासारख्या कुणाच्या तरी हातात, आणि तुम्ही फाटकाबाहेर. हा दुसरा, तुमच्यासारख्या लहान कंपन्यांसाठी. इथं किल्ल्या तुमच्याकडेच राहतात, काम तुम्हीच चालवता. फक्त देणी कशी फेडणार ते आधी घरात ठरवायचं, मग बँकेला पटवायचं, मग मुंबईच्या ट्रायब्युनलपुढं अर्ज. अर्ज दाखल करून घेतला की लिलाव जागच्या जागी थांबतो. मग एकशेवीस दिवस हातात."

"प्री-पॅक म्हणतात याला," शेखर म्हणाला होता.

"घ्या," झुंबरकाका हसले होते. "पॅकिंगचा धंदा आपला, आन् कोर्टबी पॅकबंद."

पण मॅडमनी त्याच पुठ्ठ्यावर खाली दोन गोष्टी लिहिल्या होत्या. एक, भागधारकांचा ठराव. विरोधात जेवढी मतं पडतील त्याच्या निदान तिप्पट बाजूनं पडली पाहिजेत. दुसरी, संचालकांचं प्रतिज्ञापन, की हा अर्ज आम्ही कुणालाही फसवण्यासाठी करत नाही. संचालक दोनच होते. अप्पा, आणि चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यावर त्यांच्या जागी आलेली निकिता.

ते दुसरं वाक्य निकिता घरी येऊन भाजी निवडताना, गोदाची वेणी घालताना, इस्त्री करताना मनात म्हणत राहिली. कुणालाही फसवण्यासाठी नाही. कुणालाही.

कारण कंपनीची वार्षिक सभा ढोमसे घराण्यात पित्रांच्या दिवशी व्हायची. सप्टेंबर संपायच्या आत सभा घ्यावी लागते, आणि भाद्रपदाच्या वद्य पंचमीला कारभारींचं पित्र असतं. सगळं घर नाहीतरी जेवायला जमतं. कावळ्याला घास गेला, पंगत उठली, की खीर-वड्यांच्या ताटांशेजारीच रजिस्टर फिरायचं. अप्पा सही करायचे, झुंबरकाका करायचे, आणि तिसऱ्या ओळीवर सासूबाई आपल्या हातानं नणंदेचं नाव घालायच्या. नवी सून आली त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यांनी एका खोक्याच्या झाकणावर निकिताकडून ती सही पाचसहा वेळा गिरवून घेतली. "छान येती की तुला. घाल. घरचीच सही आहे."

आणि निकितानं घातली होती. आठ वर्षं. तिनं स्वतः लग्नाच्या आदल्या आठवड्यात वणीला भावासाठी हक्कसोडपत्रावर सही केली होती, न वाचता. हातावरची मेंदी ओली होती म्हणून पेन दोन बोटांत धरून. सह्यांचं तेव्हा तिला काहीच वाटायचं नाही.

*

"आली तर येऊ दे," झुंबरकाका म्हणाले. "पण आली आन् नाय म्हनली तर?"

"तुमचे दोघांचे सदतीस-सदतीस, त्यांचे सव्वीस," मॅडम म्हणाल्या. "सव्वीस विरोधात गेले तर बाजूनं अठ्ठ्याहत्तर हवेत. तुमचे होतात चौऱ्याहत्तर. ठराव पडला. मग बँक आपल्या मार्गानं जाईल, आणि शेडचा लिलाव पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात द्राक्षांचा हंगाम भरात असतो. यंदा वेलींवर माल दिसत होता. खोक्यांच्या मागण्या आल्या होत्या.

"बघितलंस?" अप्पा निकिताला म्हणाले. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. "एका ओळीची सही. तेवढ्यासाठी तू अख्खा कारखाना तिच्या ओंजळीत नेऊन टाकलास. तिचा आमच्यावर राग आहे पोरी. तुला माहीत नाही."

"अप्पा, निकिताचं बरोबर..." शेखर बोलायला गेला आणि अडकला. सकाळी अंघोळीला जाताना तोच तिला म्हणाला होता, या वेळचं निभावून ने, पुढं बघू. त्यानं ते वाक्य पुरं केलं नाही, पण वडिलांशेजारची रिकामी खुर्ची टाळून तो टेबलाच्या निकिताच्या बाजूला येऊन बसला.

बेल वाजली.

दारात उज्वलाआत्या उभी. बासष्ट-त्रेसष्ट वय, अबोली रंगाचं सुती लुगडं, खांद्यावर शाल, आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेलं डाळिंबांचं खोकं. रिक्षावाल्यानं ते फाटकाशी ठेवलं होतं आणि तिनं कुणाला हाक न मारता उचलून आणलं होतं. निकितानं पुढं होऊन ते घेतलं, खाली ठेवलं, वाकून नमस्कार केला. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

"या आत्या."

"आले बाई. गाडीत काय गर्दी! देवळ्यापर्यंत उभी." मग आत बघून, "कसा आहेस भाऊ?"

अप्पा उत्तर द्यायच्या आधी त्यांची नजर खोक्यावर गेली होती. ते उठले, वाकले, अंगठ्यानं तळाची घडी दाबून बघितली. "तीन पदरी आहे. डिंकही धड नाही. तळ सुटेल याचा."

"अरे, बहीण बघ आधी!" आत्या म्हणाली. "पुठ्ठा काय बघतोस?"

झुंबरकाका खो-खो हसले, शेखरही हसला. जेवणाच्या टेबलाखाली गोदानं खोकी सोडवून घर केलं होतं, त्याच्या खिडकीतून तिचंही डोकं बाहेर आलं. "आत्याआजी, माझं घर पाच पदरी आहे."

"मग पक्कं शे तुझं घर," आत्या म्हणाली.

"आली अहिराणी!" झुंबरकाका टाळी देत म्हणाले. "अक्का, विंचूर विसरली तू."

"चाळीस वर्षांत विंचूर मला विसरलं रे, मी नाही."

निकिता चहा ठेवायला वळली तेव्हा अप्पांनी मागून सांगितलं, "तिच्यात दोन चमचे साखर टाक. गोड लागतो तिला."

"नऊ वर्षं झाली भाऊ, साखर बंद होऊन," आत्या म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. वारं पडलंय, म्हणावं तसं.

अप्पा खुर्चीत परत बसले.

*

चहा झाला. बागूल मॅडमनी ठराव वाचायला घेतला, तेव्हा आत्यानं हात वर केला. "थांबा ताई. आधी ते रजिस्टर आणा. ज्याच्यात मी हजर असते ते."

तिनं पिशवीतून तपकिरी लखोटा काढला. त्यात नोटीस होती, योजनेची प्रत होती, आणि शेवटी एका पानाची झेरॉक्स. मागच्या वर्षीच्या सभेची हजेरी. निकितानं ती आत घातली होती, सोबत एक शब्दही न लिहिता. लिहायला तीन वेळा बसली होती, आणि तिन्ही वेळा गोदा उठली होती.

"हे पान वाचलं आणि मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही," आत्या म्हणाली. "आण बेटा. वाच. सालं वाच नुसती."

निकितानं कपाटातून निळं रजिस्टर आणलं. पानाला पान लागून खिरीचा एक डाग होता, तिथं नखानं सोडवावं लागलं. तिनं पहिली तारीख वाचली. कारभारी गेले त्याच्या पुढचं वर्ष. "उपस्थित, रावजी कारभारी ढोमसे. झुंबर कारभारी ढोमसे. सौ. उज्वला दामोदर भामरे."

"त्या दिवशी पोरीचं पहिलं बाळंतपण होतं माझ्या घरी," आत्या म्हणाली. "बाबांचं पहिलं पित्र. मी वाट बघितली तुमच्या निरोपाची. पुढचं वाच."

निकितानं पुढचं वाचलं.

"हे बघ, या साली आमच्या डाळिंबावर तेल्या रोग आला. सहाशे झाडं उपटून बांधावर जाळली. धूर तुमच्यापर्यंत आला नसेल."

पुढचं. पुढचं. एका सालाला ती म्हणाली, "हे आठवत नाही. घरीच असेन. भाकरी करत असेन." झुंबरकाकांचं हसू कधीच विरलं होतं. ते लुंगीचा काठ बोटानं चुरगळत होते. नवव्या सालापासून अक्षर बदललं. ते निकिताच्या नजरेनं आधी पकडलं, मग तिच्या आवाजानं.

"थांबलीस का?"

"आत्या, इथून पुढच्या सह्या माझ्या आहेत. या आठ."

"कळलं मला ते. वहिनी नावाखाली रेघ ओढत नव्हती. तू ओढतेस, छान सरळ. वाच."

दहावं साल. "या साली मालेगावच्या दवाखान्यात होते मी. यांची किडनी गेलेली, आठवड्यातून दोनदा यंत्रावर घ्यायचे. रात्री मी त्यांच्या कॉटखाली निजायची."

अकराव्या सालाची ओळ निकितानं वाचली आणि वाचताना तिला पहिल्यांदाच ती दिसली. आठ वर्षं तिनं मागच्या पानावरून नाव जसंच्या तसं उतरवलं होतं. सौ. उज्वला दामोदर भामरे. सहा वर्षांपूर्वी पोळ्याला दामोदरराव गेले होते. शेखर मातीला जाऊन आला होता. आणि त्यानंतर वीसएक दिवसांनी, इथं, खिरीच्या ताटांशेजारी, तिनं आपल्या वळणदार अक्षरात सौ. लिहिलं होतं. तेव्हापासून दर वर्षी.

तिच्याच्यानं वाचवेना.

आत्या उठली, तिच्या खुर्चीमागं आली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "कागदावर का होईना," ती हळूच म्हणाली, "तू त्यांना सहा वर्षं जिवंत ठेवलंस बाई."

निकिताच्या डोळ्यांतलं पाणी रजिस्टरवर पडू नये म्हणून तिनं ते पुढं सरकवलं. ते अप्पांच्या समोर गेलं.

अप्पांनी चष्मा घातला. बराच वेळ ते पान बघत होते. मग पानाशीच बोलल्यासारखं म्हणाले, "दर साली वाटायचं, तुला निरोप धाडावा. मग वाटायचं, येशील, जेवशील, आणि जमिनीचं काढशील. चार लोकांत."

"जमिनीचं काय काढायचं? हक्कसोड मी माझ्या हातानं केलं होतं. निफाडला, तलाठ्याच्या शेजारी स्टुलावर बसून. या घरात माझी खरी सही ती एवढी एकच आहे, भाऊ." तिनं शाल सावरली. "आणि त्याच दिवशी येताना बाबांनी मला विंचूरच्या स्टँडवर रसवंतीत बसवलं. म्हणाले, आता कंपनी काढतोय, तुला त्यात पाव हिस्सा देतो आणि वर एक टाकतो. मी म्हटलं, वर एक कशाला बाबा? म्हणाले, पाव असला तर पोरं तुला न विचारता पुढं जातील. वर एक असला तर मोठं काही करताना त्यांना तुझ्या दारात यावं लागंल."

झुंबरकाकांनी बोटांवर पाव आणि एक मोजून बघितलं.

"आम्ही आजवर समजत होतो सीएची टायपिंगची चूक हाय," झुंबरकाका शेवटी म्हणाले. "सव्वीस! काय बेरकी म्हातारा!" आणि मग, मोठ्या भावाकडं न बघता, "दादा, मी तुला म्हनलो होतो एकदा, अक्काला बोलव म्हणून."

"कधी म्हणालास?"

"म्हनलो नसंल. मनात होतं."

*

"आता मत विचारा ताई," आत्या म्हणाली. "पण त्याआधी एक. मी बठ्ठं, सगळं, वाचेल शे. पान अकरा. हंगामात खोकी जुळवायला पेठहून बायका येतात, भागीबाईची टोळी. त्यांची मागची मजुरी राहिलीय, आणि डिंकवाल्याचं बिल. योजनेत लिहिलंय, रुपयाला साठ पैसे देऊ. का?"

"सगळ्यांचंच थोडं थोडं कापलं अक्का," झुंबरकाका म्हणाले. "बँकेचंबी कापलंय."

"बँक पेठहून पिकअपमध्ये उभी राहून येत नाही."

बागूल मॅडमनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. "मी हे सांगणारच होते. माल देणाऱ्यांचे आणि कामगारांचे पैसे योजनेत कापलेत, तर कायद्यानं बाहेरच्यांकडून योजना मागवाव्या लागतात. कुणी तुमच्यापेक्षा बरी योजना दिली तर कारखाना त्याचा. त्यांचे पूर्ण दिलेत, तर बँक तुमचीच योजना थेट मंजूर करू शकते."

"मग ते आधी का नाही सांगितलं?" अप्पा म्हणाले.

"दोनदा सांगितलं, रावजीसाहेब. तुम्ही म्हणालात, बायकांचं आपण बघून घेऊ."

शेखर हिशेबाच्या कागदावर वाकला. फरक कुठून काढायचा याची थोडी ओढाताण झाली. झुंबरकाकांनी गाडी विकायची म्हटली, पण ती अप्पांची. मग अप्पांनीच हात हलवून विषय संपवला. "माझा पगार दोन वर्षं काढून टाक. मला काय लागतं? चहा, आणि तो निकिता देते." त्यांनी निकिताकडं बघितलं नाही, पण रिकामा कप तिच्या दिशेला सरकवला. त्या घरात एवढं बोलणं पुष्कळ होतं.

"ठरावाच्या बाजूनं कोण?" मॅडमनी विचारलं.

अप्पांचा हात वर झाला. झुंबरकाकांचा झाला. आत्यानं आपला हात आधी उलटा करून बघितला, जणू इतक्या वर्षांनी तो कामाचा राहिलाय का ते तपासत होती. मग वर केला.

सही करताना तिला वेळ लागला. एकेक अक्षर सुटं, थोडं चढावर गेलेलं, आणि नावाआधी काही नाही. उज्वला दामोदर भामरे. खाली रेघ नाही. मॅडमनी नवा कागद आणि निळं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं.

"जुळत नाही हो ही, तुमच्याच सहीशी."

"कशी जुळंल?" आत्या म्हणाली. "मी पहिल्यांदाच आले ना."

मॅडम हसल्या नाहीत. "हे मला अहवालात लिहावं लागेल. सोळा वर्षांच्या सभा, सह्या, सगळं. बँक विचारणार, ट्रायब्युनल विचारणार. अर्ज अडूही शकतो, मी खोटा दिलासा देत नाही. तुम्ही लिहून दिलंत तर मदत होईल."

"लिहून दे अक्का," झुंबरकाका घाईनं म्हणाले. "लिही, तुला सगळं ठाऊक होतं, तुझ्याच सांगण्यावरनं..."

"ते नाही लिहिणार." आत्या शांतपणे म्हणाली. "ठाऊक नव्हतं, आता झालं, आणि माझी तक्रार नाही. एवढं लिहीन. पुरतं का, ताई?"

"तेच पुरतं."

मग प्रतिज्ञापन फिरलं. अप्पांनी सही केली. निकितानं कागद पुढं ओढला, ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, कुणालाही फसवण्यासाठी नाही, आणि वर आत्याकडं बघितलं. आत्या डाळिंब फोडत होती. तिनं मान हलवली. निकितानं नाव लिहिलं. सवयीनं पेन खाली रेघ ओढायला गेलं, ते तिनं उचलून घेतलं.

*

दुपारी ऊन अंगणात आलं. बागूल मॅडम कागद घेऊन गेल्या, शेखर त्यांना सोडायला गेला. अप्पा आणि आत्या बाहेर पायरीवर बसली होती. आतून नुसते आवाज ऐकू येत होते.

"यंदा पित्राला ये."

"येईन. आमच्याकडचं अमावास्येला असतं, तुमचं पंचमीला. जमतं."

"निरोप धाडतो."

"पत्र धाड. पत्राला तारीख असते."

निकिता मशीनमधलं धुणं काढायला गॅलरीत गेली. कपडे आत तसेच पडून चुरगळले होते. ती एकेक झटकून दोरीवर टाकू लागली. गोदा तिच्या मागं मागं आली, खोक्याचं झाकण आणि निळं स्केचपेन घेऊन, आणि फरशीवर पालथी पडून लिहीत बसली. टेबलाखालच्या घरातून तिनं सकाळपासूनचं सगळं ऐकलं होतं, हे निकिताच्या आत्ता लक्षात आलं.

"आई, ही बघ माझी सही." झाकणावर गोदा, गोदा, गोदा असं चार वेळा लिहिलं होतं. तिरकं, मोठं, काठाबाहेर गेलेलं.

"छान आहे गं."

"आत्याआजीची सही आधी आजी करायची ना? आणि मग तू."

निकिताच्या हातात ओला फ्रॉक होता. "हं."

गोदानं पेनाचं टोपण लावलं आणि वर बघितलं.

"मग मी मोठी झाल्यावर माझी कोण करणार?"